पट्ट्यावरचे घोडे

"आबा, बक्कल ह्या टोकाला?"

"व्हय."

"उलटं नाही व्हायचं?"

"तू शीव. तुझा नवरा कमरेला बांधंल तवा कळंल, उलटं का सुलटं."

"अजून कुठं झालाय नवरा?"

"मग जो व्हायचाय त्यो बांधंल तवा," आबा म्हणाले आणि गालातल्या गालात हसत कातडं कापायची रापी दगडावर घासायला लागले.

मी दोन्ही सुया मेणातून ओढून घेतल्या आणि त्यांनी दाखवलेल्या टोकाला बक्कल शिवलं. एकाच भोकातून दोन सुया समोरासमोर घालायच्या आणि दोन्ही हातांनी सारख्या ओढायच्या, अशी आमची शिवण. एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. आमच्या घरात कोरायचं काम आबांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, आणि शिवायचं आईचं. आईची बोटं आखडली, तेव्हापासून माझं.

त्या दिवशी हात चालले, पण मन चालेना. कारण पट्ट्यावर घोडे होते. नुसत्या वेलबुट्टीच्या पट्ट्याला वर-खाली नसतं, कसाही बांधा. घोड्यांच्या पट्ट्याला असतं. माणसं पट्ट्याचं शेपूट उजव्या हातानं ओढतात, बक्कल डाव्या बाजूला येतं; ते धरूनच कोरणारा घोड्यांचे पाय खाली ठेवतो. आबांनी बक्कल मला बरोबर दुसऱ्या टोकाला लावायला सांगितलं होतं. चारचौघांसारखा बांधला तर झाडून सगळे घोडे पाय वर करून पडणार, हे मला दिसत होतं. मला दिसतं आणि आबांना दिसत नाही, असं कसं होईल? मला शिकवलं होतं त्यांनीच.

कोल्हापुरात आमच्या गल्लीत चपला सगळेच करायचे. कोरीव पट्टे आणि पिस्तुलाची म्यानं करणारे आबा एकटे. तरुणपणी त्यांनी एका जहागीरदारांच्या पागेतल्या स्वारांचे पट्टे केले होते, तिथं घोडा त्यांच्या हातात बसला तो बसलाच. कमावलेलं कातडं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं आणि बोटाला नुसतं गार लागेल इतकीच ओल उरली की कोरायला घ्यायचं. त्या ओल्या कातड्यावर मारलेली रेघ पुसता येत नाही. आबा कोरायला बसले की आई भांडीसुद्धा घासायची नाही. म्यान करायचं असलं तर ओल्या कातड्यात सागवानी पिस्तूल घालून ते बोटांनी दाबत बसायचे. वाळलं की पिस्तुलाचा उंचवटा न् उंचवटा वर उठलेला असायचा. सगळे आबांना मास्तर म्हणत. लोक बोलायचे, मास्तरांचं म्यान रिकामं असलं तरी भरलेलं दिसतं.

आमच्या घरात एक रीत होती. जावयाला सासऱ्यानं आपल्या हातानं केलेला पट्टा द्यायचा, आणि साखरपुड्याला जावयानं तो सगळ्यांसमोर स्वतः बांधायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. माझ्या आत्याचा नवरा बांधायला उभा राहिला तर भोक पुरेना. पोट आत ओढून, श्वास कोंडून, लालबुंद होऊन त्यानं पूजा होईपर्यंत कसंबसं निभावलं. त्याला पुढं जन्मभर गल्लीत 'श्वास सोडा पाव्हणं' म्हणायचे.

माझा ठरलेला नवरा भैरू. आमच्याच समाजातला, सरकारी हत्यारखान्यात बंदुका दुरुस्त करायचा. फाटलेली म्यानं, उसवलेले पट्टे सायकलीला बांधून तोच आमच्याकडं आणायचा. अजून नोकरीत कायम झाला नव्हता. पाच-सहा महिने येत-जात होता तेव्हा कुठं माझ्याशी बोलायला लागला.

"ह्या खेपेला टाके बारीक झाल्यात," तो म्हणाला होता. "सुई म्हातारी झाली वाटतं."

"सुई चांगली आहे. आणणारा म्हातारा झालाय. चढावर सायकल ढकलत येतो."

"तुम्ही बघता व्हय मला चढावर?"

मी मान खाली घालून दोरा ओढला. आई चुलीपाशी खोकली. आबा एवढंच म्हणाले, "अनशे, चहा टाक."

तो चहा घेताना उजवा हात नेहमी खिशात घालून बसायचा. मला वाटायचं ऐट आहे. मला ती ऐट आवडायची.

सोयरीक ठरल्यावर आबांनी त्याचा रोजचा पट्टा मापाला मागून घेतला. साधा, कोरीवकाम नसलेला. आबांनी तो दगडावर सरळ पसरला आणि बराच वेळ बघत राहिले. पट्टा कमरेवर बसून बसून वाकतो. वरची कड आखडते, खालची सैल पडते. जाणत्या माणसाला त्यावरून वरची बाजू कोणती ते कळतं. आबांनी तो उचलला, पुन्हा पसरला, आणि एकटेच हसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई न्हाई. जावई माझा जगायेगळा हाय, एवढंच."

मला वाटलं, कौतुक चाललंय.

साखरपुड्याला आबांनी मोहिते जमादारांनाही बोलावलं. जमादार म्हणजे भैरूचे वरचे. भैरूला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्यांच्या शेऱ्यावर होतं. आणि आमचंही एक काम त्यांच्या हातात होतं. कवायतीसाठी साहेब लोकांचे कोरीव पट्टे आणि म्यानं करून घ्यायची होती, म्यानावर वाघ पाहिजे होता. एवढं मोठं काम आबांना आयुष्यात आलं नव्हतं. पितळी बकलांचा नमुनाही जमादारांनी आणून ठेवला होता. काम तुम्हालाच, असं जमादार तोंडानं म्हणाले होते. पण त्यांचं तोंडचं बोलणं आणि कागदावरची सही यात बरंच अंतर असायचं.

आमच्या दारात मांडव कसला, एक जाजम आणि वर लुगड्याचं छत. जमादार खुर्चीवर, बाकी सगळे खाली. भैरूच्या आईनं माझ्या ओटीत नारळ घातला, हातात साखरेचा पुडा दिला. भैरू पांढरा सदरा आणि खाकी पँट घालून बसला होता. तोंडावरून घाम वाहत होता.

"पुसा की पाव्हणं घाम," आत्याचा नवरा म्हणाला. "अजून पट्टा बांधायचाय. मी त्यातनं गेलोय, म्हणून सांगतो."

सगळे हसले. आबांनी पट्टा लाल फडक्यातून काढला. मी एवढे दिवस तो मांडीवर घेऊन शिवला होता, पण उन्हात धरलेला पहिल्यांदाच बघितला. एकामागं एक घोडे धावत होते. कुणाची मान वळलेली, कुणाची आयाळ उडालेली, दोन घोडे अगदी सारखे नव्हते. जमादारांनीसुद्धा खुर्चीतून पुढं वाकून बघितलं.

"वा मास्तर," ते म्हणाले. "आता टाप ऐकू येईल."

आबांनी पट्टा भैरूच्या हातात दिला. "घाला," म्हणाले. पोरासारखे दिसत होते तेव्हा आबा. कुणाला तरी गंमत दाखवायची आणि ती त्याला कळेपर्यंत आपण दम धरायचा, तसे.

भैरू उभा राहिला. पट्टा डाव्या हातात होता. त्यानं तो एकदा फिरवून बघितला आणि त्याचा चेहरा बदलला. मग त्यानं जमादारांकडं बघितलं. जमादार त्याच्याकडंच बघत होते, कौतुकानं. भैरूनं पट्टा पुन्हा फिरवला, बक्कल डाव्या बाजूला घेतलं आणि शेपूट उजव्या हातात धरलं.

तेव्हा मला कळलं. हा माणूस डावखुरा आहे. आबांनी त्याच्या जुन्या पट्ट्याच्या वाकावरून ते ओळखलं आणि न बोलता त्याच्या हाताला येईल असा पट्टा केला. आणि हा आता सगळ्यांसारखा बांधतोय. डावखुरेपणाची लाज वाटते म्हणून.

त्याला ते जमत नव्हतं. शेपूट बकलातून ओढताना दोनदा निसटलं. उजव्या हाताची दोन बोटं नुसतीच सरळ राहिली होती. शेवटी तळहातानं रेटून त्यानं एकदाचं भोक गाठलं आणि हात खाली सोडले.

सगळे घोडे पाय वर करून पडलेले.

मग आत्याचा नवरा म्हणाला, "अरारा!" आणि हसू फुटलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. जमादार तर मांडीवर थाप मारून हसले.

"मास्तर, तुमचे घोडे उताणे झोपले की हो!"

आबांनी तोंड उघडलं. एकच वाक्य बोलायचं होतं. जावई डावखुरा हाय, त्याच्या हातानं बांधू द्या, बघा घोडे कसे उभे राहतात. मला ते वाक्य त्यांच्या ओठांवर दिसत होतं. पण त्यांची नजर भैरूकडं गेली. आधी तोंडाकडं, मग खाली, उजव्या हाताकडं. तिथंच राहिली. आणि त्यांनी तोंड मिटलं.

"मास्तर?" जमादार म्हणाले.

"चुकलं," आबा म्हणाले. "बक्कल उलट्या टोकाला लागलं. डोळं साथ देत न्हाईत आता."

"अहो पण सगळा पट्टा होईपर्यंत कुणाच्याच ध्यानात आलं नाही?"

"पोरीनं इचारलं हुतं मला. मीच ऐकलं न्हाई तिचं. तिच्याकडं दोष न्हाई."

जमादारांचं हसू ओसरलं. माणूस वाईट नव्हता, पण नोकरीतला होता. "बघा बरं," ते म्हणाले. "साहेबांच्या म्यानावर वाघ उताणा निघाला तर माझी टोपी जाईल. तुमचं वय झालं मास्तर, त्याला काय करणार? पलीकडच्या गल्लीत तो तुकाराम आहे, त्याच्याकडून करून घेतो सगळं काम. तुम्ही आता आराम करा."

एवढ्या सहजपणे ते काम गेलं. भर साखरपुड्यात, जेवणाआधीच.

मी भैरूकडं बघत होते. माझ्या मनात एकच होतं, बोल. अरे बोल की. तुझ्यासाठी केलंय त्यांनी ते, आणि तुझ्यासमोर त्यांचं नाव चाललंय. डावखुरं असणं म्हणजे काय चोरी आहे? तो माझ्याकडं बघत नव्हता, आबांकडंही नाही. जाजमाकडं बघत उभा होता. मग आबाच पुढं झाले, पट्टा त्याच्या कमरेवरून सोडवला, लाल फडक्यात गुंडाळला आणि म्हणाले, "चला, पानं वाढा."

रात्री आईनं आबांना विचारलं, "खरंच दिसंना झालंय का तुम्हाला?"

"थोडं कमीच," आबा म्हणाले. कालपर्यंत दिव्याच्या उजेडात सुईत दोरा ओवणारे आबा.

सकाळी मी पाणी आणायला गेले होते. परत आले तर आमच्या दाराशी भैरूची सायकल. तो आणि आबा आतल्या खोलीत होते, कातडी ठेवायच्या. मी घागर उतरवेपर्यंत तो बाहेर आला. डोळे लाल होते, मला वाटलं झोप झाली नसेल. माझ्या अंगावरून गेला, पण मान वर केली नाही. सायकलीला दुरुस्त म्यानांचं गाठोडं बांधलेलं होतं.

"कशाला आला होता?" मी आबांना विचारलं.

"माल न्यायला."

माल न्यायला. काल एवढं झालं आणि हा आज माल न्यायला आला. दुपारी आबा नेहमीच्या जागेवर बसले, ओलं फडकं उलगडलं, कोरणी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. कातडं वाळून गेलं. मी त्यांना कातडं वाळू देताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी मी म्हणाले, "मला हे लग्न नको."

आई धावून आली. "काय बोलतीस? साखरपुडा झालाय!"

"झाला असू दे. मला नको."

"अगं, लोक काय म्हणतील? कारण तरी सांग!"

कारण सांगायचं तर आबांसमोर म्हणायला लागलं असतं, की तुम्ही चुकला नव्हता हे मला ठाऊक आहे, आणि ज्यानं तुमची मान खाली घालवली त्याच्या घरी मी भाकरी थापणार नाही. आबांनी ते सगळं गिळलं होतं. मी ते उकरून त्यांच्यापुढं ठेवायचं कसं?

"मला तो नको," एवढंच म्हणाले.

आबा माझ्याकडं बघत राहिले. काहीतरी बोलणार असं वाटलं. "इचार केलायस?" त्यांनी विचारलं.

"केलाय."

"मनापासनं सांगतीस?"

"मनापासून."

"मग ऱ्हाऊ दे," ते आईला म्हणाले. "पोरीच्या मनाविरुद्ध न्हाई करायचं."

भैरूची आई एकदा येऊन रडून गेली. तो स्वतः पुन्हा आला नाही. माल दुसरं कुणीतरी आणायला लागलं, मग तेही थांबलं. पुढं कळलं, तो कायम झाला. मग बदली झाली, लग्न झालं. आबांनी नंतर साधे पट्टे केले, चपला केल्या. गल्लीत सगळे म्हणायचे, मास्तरांचे डोळे गेले, आणि आबा कुणाला खोडून काढायचे नाहीत. घोडा मात्र परत कोरला नाही. मी विचारलं की म्हणायचे, गिऱ्हाईक न्हाई.

माझं लग्न इस्लामपूरला झालं. माणूस कष्टाळू होता, भांडखोर नव्हता. तक्रार करावी असं काही नव्हतं, आणि आठवण काढावी असंही फार नाही. आई गेल्यावर मी आबांना माझ्याकडं आणलं. तोवर त्यांचे डोळे खरंच गेले होते.

एका दुपारी मी अंगणात सुपात मटार घेऊन सोलत बसले होते. आबा भिंतीला टेकून उन्हात होते.

"अनशे, त्यो भैरू हाय का गं अजून?"

इतक्या वर्षांत ते नाव आमच्या घरात कुणी घेतलं नव्हतं. "असेल," मी म्हणाले. "नोकरी पुरी करून बसलाय म्हणे, नाशकाकडं."

"पुरी केली? बरं झालं." "त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली हुती, तुला म्हाईत हुतं?"

"गेली होती म्हणजे?"

"वळत नव्हती. बंदुकीची स्प्रिंग उडून बसली हुती बोटांवर, त्यानं कुणाला सांगितलं न्हाई. डाव्या हातानं काम शिकला, कोपऱ्यात बसून, चोरून. जमादाराला कळलं असतं तर हाकललाच असता. मला वाटलं नुसता डावखुरा हाय. म्हणून पट्टा तसा केला, पोराला बरं वाटंल म्हणून. आन् मीच त्याला फासावर चढवायला निघालो हुतो."

माझा हात शेंगेवरच राहिला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी आला हुता. रडला लई. म्हणाला, आबा, मी आत्ता जातो आन् जमादाराला हात दाखवतो, तुमचं नाव माझ्यापायी बुडाया नको. मी आडवा झालो त्याला. म्हटलं, येड्या, तुझ्या नोकरीवर माझी पोर नांदायची हाय. माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय? कायम हो, मग खुशाल सांग साऱ्या गावाला. तवर मीबी बोलत न्हाई. शब्द दिला."

"मलाही नाही सांगितलंत?"

"सांगणार हुतो. लगीन झाल्यावर. हसलो असतो तिघं मिळून." आबांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "पण तू त्याच सांजंला न्हाई म्हणालीस. मग म्हटलं, आता सांगून काय करायचं? नको असलेल्या माणसाचं गुपित पोरीच्या गळ्यात कशाला?"

समोरच्या घरात कुणीतरी कपडे आपटत होतं.

"एक इचारू?" आबा म्हणाले. "इतकी वरसं मला लागून ऱ्हायलंय. तुझ्या मनात नव्हताच ना त्यो? का माझ्या घोड्यांपायी झालं ते? लोक हसले म्हणून?"

ते उत्तराची वाट बघत माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवून बसले होते. बोलायला एकच वाक्य होतं.

"नव्हताच, आबा," मी म्हणाले. "पहिल्यापासून नव्हता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आधी बोलले नाही."

"खरं?"

"खरं."

आबांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. "बरं झालं बाई," ते म्हणाले. "मग काई न्हाई. मला उगंच वाटायचं." त्यांनी हात पुढं करून हवेत चाचपडलं. "सूप सरकव हिकडं. नुसता बसून काय करू?"

मी सूप त्यांच्या पुढ्यात ठेवलं. ते शेंगा सोलायला लागले, माझ्यापेक्षा भरभर, आणि काहीतरी जुनं गुणगुणायला लागले. मी पदरानं तोंड पुसलं आणि पाण्याच्या निमित्तानं आत गेले.